लाभार्थी की भागीदार? : कलाकार, स्वयंसेवी संस्था आणि अनुदानाचा अर्ज

प्रस्तावना

वस्तीतल्या एखाद्या भिंतीवर सुंदर चित्र रंगवलेले असते आणि खाली कोपऱ्यात दोन-तीन संस्थांची बोधचिन्हे असतात. आपण चित्राविषयी बोलतो आणि बोधचिन्हे सोडून देतो. या पाठात आपण त्या कोपऱ्यापासून सुरुवात करणार आहोत. कलाकार आणि स्वयंसेवी संस्था मिळून जेव्हा सामुदायिक कलाप्रकल्प करतात, तेव्हा समीक्षकाने कलाकृतीबरोबर अनुदानाचा अर्जही वाचला पाहिजे. प्रकल्पातला ‘समुदाय’ म्हणजे कोण आणि त्याला कशाविषयी बोलता येईल, हे पुष्कळदा त्या अर्जातच ठरलेले असते. हे या पाठाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. देवनहळ्ळीचे दोन पिनकोड

देवनहळ्ळी हे बेंगळुरूच्या उत्तरेचे तालुक्याचे गाव. टिपू सुलतानाचे जन्मस्थान, जुना किल्ला आणि भौगोलिक मानांकन मिळालेले पपनस यांसाठी ते ओळखले जाते. याच तालुक्यात २००८ साली बेंगळुरूचा नवा विमानतळ सुरू झाला. गावाचा पिनकोड ५६२११०, तर विमानतळाचा ५६०३००. म्हणजे टपालखात्याच्या हिशेबी विमानतळ शहरात आला आणि शेजारचे गाव बाहेर राहिले.

ही गोष्ट कलेच्या अभ्यासात कशाला, असे तुम्ही विचाराल. बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेची स्थापना १९९३ साली झाली आणि १९९५ पासून ती देशभरातल्या कलाकारांना व संशोधकांना अनुदाने देत आहे. शहरातल्या जागांशी आणि वस्त्यांशी कलाकारांनी नाते जोडावे, यासाठी तिने ‘प्रोजेक्ट ५६०’ हा उपक्रम सुरू केला. हे नाव शहराच्या पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून आले आहे. अनुदान देणाऱ्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, त्यामुळे यात गैर काही नाही. समीक्षकाने मात्र त्या रेघेची नोंद घ्यावी. प्रत्येक अनुदानाचा एक नकाशा असतो. शहराच्या वाढीची झळ ज्या गावांना सर्वांत आधी लागते, ती गावे त्या नकाशाच्या काठावर असतात.

देवनहळ्ळीत ही झळ कशी होती? तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीत औद्योगिक कामासाठी १,७७७ एकर जमीन घेण्याचा सरकारचा प्रस्ताव होता. शेतकऱ्यांनी एप्रिल २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले. अखेर १५ जुलै २०२५ रोजी, हे भूसंपादन सोडून देत असल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले.

आता समजा, त्या तीन वर्षांत तुम्ही एका स्वयंसेवी संस्थेबरोबर या भागासाठी अर्ज लिहीत होता. विषय कोणता घेतला असता? किल्ल्याचा वारसा, पपनसाच्या बागा, गावची लोककला, की जमीन? पहिल्या तीन विषयांना पैसे देणारा सहज मिळेल. गावकरी पारावर बसून बोलत असणार ते चौथ्या विषयावर. या दोहोंमधले अंतर हाच आपल्या समीक्षेचा विषय आहे.

२. पैशाची वाट

अनुदान कलाकारापर्यंत कोणत्या वाटेने येते, हे माहीत असल्याशिवाय हे अंतर समजत नाही. भारतात दोन कायदे विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला, कंपनी कायदा २०१३. त्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती आणि वारसा यांचाही समावेश आहे. कंपनीला हे काम स्वतः करता येते, नाहीतर नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत करावे लागते. त्यामुळे एकट्या कलाकाराला हा पैसा बहुधा संस्थेचा हात धरूनच मिळतो. शिवाय चालू प्रकल्पाची मुदत, सुरुवातीचे वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षे असते.

दुसरा, परदेशी निधीविषयीचा कायदा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी झाली. पूर्वी मोठी संस्था त्यातला काही भाग गावातल्या छोट्या संस्थेकडे सोपवू शकत असे. आता ते करता येत नाही. परिणामी हिशेब आणि निर्णय दोन्ही मोठ्या संस्थेच्या कार्यालयात राहतात आणि गावातल्या मंडळाच्या वाट्याला ‘लाभार्थी’ हा शब्द येतो.

या शब्दाकडे लक्ष द्या. अर्जात देणगीदार, संस्था आणि कलाकार यांना सही करायला जागा असते. लाभार्थ्याला सही नसते, त्याची फक्त संख्या असते.

३. धारावीची गोधडी

महाराष्ट्रातले एक उदाहरण पाहू. १९९९ साली स्थापन झालेली ‘स्नेहा’ ही मुंबईतली आरोग्यक्षेत्रातली स्वयंसेवी संस्था. तिच्या पुढाकाराने २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावीत ‘धारावी बिनाले’ भरले. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने त्याला अर्थसाहाय्य केले होते. कलाकार आणि रहिवासी यांनी कार्यशाळांमधून एकत्र काम करून कलाकृती घडवल्या.

वेलकम ट्रस्ट आरोग्य-संशोधनाला पैसा देणारी संस्था असल्याने बिनालेचा विषय आरोग्य हा होता. धारावीच्या माणसाला रात्री झोपू न देणारा प्रश्न कदाचित घराचा किंवा पुनर्विकासाचा असेल. चौकट मात्र आधीच आखलेली होती. इथपर्यंत आपली टीका बरोबर आहे.

पण इथेच थांबलो तर कलाकृतीवर अन्याय होईल. या उपक्रमात ‘मॅपिंग द हर्ट’ नावाचे एक काम होते. बायकांनी कापड आणि टाके यांतून धारावीचा नकाशा तयार केला आणि स्त्रियांवर होणारी हिंसा त्यावर नोंदवली. गोधडी हे बायकांच्या हातचे काम. ती घरात अंथरायची असते, आणि घरातली मारहाणही घरातच झाकून ठेवायची असते. त्याच सुईदोऱ्याने ती उघड्यावर मांडली गेली. ‘आरोग्य’ या देणगीदाराच्या शब्दात बायकांनी स्वतःचा अर्थ भरला. चांगला सामुदायिक प्रकल्प ओळखण्याची ही खूण आहे: अर्जातला शब्द लोकांच्या हातात गेल्यावर बदलतो.

एक प्रश्न तरीही उरतो. बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे प्रदर्शन. त्या नावात परत येण्याचे वचन आहे, आणि अनुदानाला मुदत असते. बाहेरच्या पैशावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक प्रकल्पात हा ताण असतो.

४. समीक्षकांचे दोन पक्ष

पाश्चात्त्य समीक्षेत या कलेविषयी एक प्रसिद्ध वाद आहे. ग्रँट केस्टर यांनी २००४ च्या ‘कॉन्व्हर्सेशन पीसेस’ या ग्रंथात संवाद हीच कलाकृती मानावी, अशी भूमिका घेतली. क्लेअर बिशप यांनी २००६ साली ‘आर्टफोरम’मधल्या लेखात त्याला उत्तर दिले. प्रकल्प सद्‌हेतूने केला एवढ्यावर त्याला चांगली कला म्हणता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

दोन्ही बाजू उपयोगी आहेत. मात्र आपल्या परिस्थितीत त्याआधी एक पायरी आहे. संवाद झाला का आणि कलाकृती कशी उतरली, हे विचारण्यापूर्वी अर्जावर नाव कोणाचे होते, हे विचारावे लागते.

५. नाव बदलले की काय बदलते

इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचाच ‘कलि-कलिसु’ हा कलाशिक्षणाचा उपक्रम इथे आठवतो. या कन्नड नावाचा अर्थ ‘शीक आणि शिकव’. त्यात कलाकारांबरोबर कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांनाही अनुदान मिळते, आणि त्याचा नकाशा एका शहरापुरता नाही. शिक्षक स्वतः अनुदान घेतो तेव्हा त्याला बाहेरून आलेल्या कलाकाराची वाट पाहावी लागत नाही. त्याला गावची बोली, यात्रा, कोणाची शेती कुठे आहे हे ठाऊक असते. प्रकल्प संपल्यावरही तो वर्गावर असतो. शिक्षक सरकारी नोकर असल्याने त्याच्या बोलण्यालाही मर्यादा आहेत, हे खरे. पण या रचनेत मुलांच्या आणि पालकांच्या रोजच्या सहवासातल्या माणसाची सही कागदावर येते.

सारांश

सामुदायिक कलाप्रकल्पाचे परीक्षण लिहिताना पुढील चार प्रश्न विचारा.

१. विषय कोणी ठरवला, आणि लोकांच्या हातात गेल्यावर तो बदलला का?
२. अंदाजपत्रकात स्थानिक माणसांच्या वेळेला मोल आहे, की त्यांना फक्त चहा-नाश्ता आहे?
३. पैसे देणाऱ्याला न आवडणारी गोष्ट प्रकल्पात बोलता आली असती का?
४. मुदत संपल्यावर साहित्य, छायाचित्रे आणि कलाकृती कोणाकडे राहिल्या?

स्वाध्याय: तुमच्या गावातल्या किंवा वस्तीतल्या एका रंगवलेल्या भिंतीपाशी जा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, हे चित्र कोणाचे? त्याने ‘आमचे’ म्हटले, ‘त्यांचे’ म्हटले, की ‘ठाऊक नाही’ म्हटले, ते लिहून ठेवा. तुमच्या परीक्षणाचे पहिले वाक्य तेच असू द्या.