नालंदाचे ग्रंथालय : आपल्या मांडणीचे परीक्षण

नालंदा महाविहाराच्या ग्रंथालयाविषयी आपल्या व्याख्यानांतून व पुस्तिकांतून जी मांडणी होते, तिचा आरंभ आगीने होतो आणि शेवटही आगीनेच. ही मांडणी आम्हांस अपुरी वाटते.

तिबेटी परंपरेने रत्नसागर, रत्नोदधी व रत्नरंजक ही ग्रंथालयाच्या तीन इमारतींची नावे जपली आहेत. सातव्या शतकात ह्युएन त्संगने भारतातून ६५७ ग्रंथ चीनला नेले. पुढे इत्सिंग सुमारे दहा वर्षे नालंदात राहिला. विहारास दोनशेहून अधिक गावांचे उत्पन्न होते, असे तो नोंदवितो. ग्रंथ ताडपत्रांवर असत. कीड व दमट हवा यांमुळे ते झिजत. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नव्या प्रती कराव्या लागत. ग्रंथालयाचे खरे बळ इमारतींत नव्हते. ते लिहिणाऱ्या भिक्खूंत व त्यांना पोसणाऱ्या गावांत होते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस तुर्की आक्रमणांनी मगधातील विहार उद्ध्वस्त केले, हे निर्विवाद आहे. तथापि इ. स. १२३५ च्या सुमारास तिबेटी भिक्खू धर्मस्वामी नालंदास आला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. म्हणजे आगीनंतरही विद्या जिवंत होती. तिला आधार देणारा समाज मात्र उरला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना नेमके यावरच बोट ठेवले आहे : पुरोहित जन्माने होतो, भिक्खू घडवावा लागतो, म्हणून भिक्खूंच्या संहारानंतर ती पोकळी भरून निघाली नाही.

आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांचीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. इतक्या दूरच्या स्तूपासाठी दान देणारे ते राजे नव्हते. त्यांत सामान्य उपासक-उपासिका होत्या. धम्माचा वारसा अशाच हातांनी टिकला.

आज गावोगावच्या विहारांत ग्रंथांची कपाटे आहेत. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते; त्यानंतर त्यांतील किती कपाटे पुन्हा उघडली जातात? नालंदाच्या जाळपोळीचा निषेध अवश्य करावा. परंतु न वाचलेल्या ग्रंथाची हानी करण्यास आक्रमकाची गरज लागत नाही, हेही त्याच व्यासपीठावरून सांगितले जावे, अशी आमची धम्मबांधवांस नम्र सूचना आहे.