फिल्म, डिजिटल आणि छायाचित्रकाराचे वय

फिल्म वडीलधाऱ्यांची आणि डिजिटल कॅमेरा तरुणांचा, अशी जी वाटणी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छायाचित्रणाच्या क्षेत्रात जवळजवळ सर्वमान्य होती, ती आज पुष्कळशी उलटी झालेली दिसते. ज्यांच्या हातात पहिला कॅमेरा मोबाइलमधूनच आला, त्या विशी-पंचविशीतल्या पिढीतला एक लहान पण बोलका वर्ग घरातल्या कपाटात पडून राहिलेला यशिका किंवा पेंटॅक्स के-१००० दुरुस्त करून घेतो, त्यात छत्तीसचा रोल भरतो आणि तो धुऊन येईपर्यंत मुकाट्याने वाट पाहतो. उलट ज्यांची उमेदीची वर्षे डार्करूममध्ये गेली, त्यांपैकी पुष्कळांनी साठीच्या आगेमागे फिल्म सोडली आणि मग तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. तरुणांचा तो स्मरणरंजनाचा छंद आणि ज्येष्ठांची ती सोय, असे म्हणून हा विषय सहसा उरकला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण ज्या काळाची आठवणच नाही त्याचे स्मरणरंजन होत नाही आणि केवळ सोय पाहणारा माणूस चाळीस वर्षे अंधारात उभा राहून प्रिंट काढत नाही.

बाजाराची स्थिती आधी लक्षात घेतली पाहिजे. रंगांच्या टिकाऊपणासाठी नावाजलेली आणि १९३५ पासून बनणारी कोडाक्रोम फिल्म कोडॅकने २००९ मध्ये बंद केली आणि ती धुणाऱ्या कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस रोल घेणे थांबवले. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले, तेव्हा फिल्मचा मृत्युलेख लिहून ठेवायला हरकत नाही असेच सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात २०१८ मध्ये त्याच कंपनीने एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर निगेटिव्ह न होता थेट सुलटे रंगीत चित्र उमटते ती फिल्म, पुन्हा बाजारात आणली. लायकाने २०२२ मध्ये एम-६ हा जुना फिल्म कॅमेरा नव्याने काढला. आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ हा अगदी नवा फिल्म कॅमेरा विक्रीस आणला. हा शेवटचा कॅमेरा हाफ-फ्रेम जातीचा आहे, म्हणजे एका चौकटीच्या जागेत दोन चित्रे बसवून छत्तीसच्या रोलवर बहात्तर चित्रे घेणारा, आणि तो सरळ धरला असता त्याची चौकट मोबाइलसारखी उभी येते. ही रचना कोणत्या वयाच्या गिऱ्हाइकासाठी आहे, हे सांगण्याची गरज नाही. भारतात मात्र उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा १९६० साली स्थापन झालेला आणि ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म काढणारा सरकारी उद्योग आता इतिहासजमा झाला असून रोलची सारी मदार आयातीवर आहे. रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग धरून छत्तीस चित्रांचा खर्च सहज हजार रुपयांच्या वर जातो.

दोन माध्यमांतला फरक मुळात प्रकाशाच्या नोंदीचा आहे. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांत डोळ्यांना न दिसणारा बदल होतो, डेव्हलपर त्यांचे धातुरूप काळ्या चांदीत रूपांतर करतो आणि हायपो हे द्रावण उरलेले स्फटिक विरघळवून चित्र कायम करते. प्रकाश वाढत गेला तरी निगेटिव्ह फिल्म एकदम भरून जात नाही, ती हळूहळू दाट होत जाते; त्यामुळे चेहऱ्यामागे तळपते आकाश असताना दोन-तीन स्टॉप जास्त प्रकाश दिला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), तरी आकाशातले ढग निगेटिव्हवर शिल्लक राहतात. डिजिटल सेन्सरवरची प्रत्येक संवेदनपेशी ठरावीक मर्यादेपर्यंतच भरते, आणि ती भरली की तिथे कोरा पांढरा डाग उरतो, ज्यातून कोणत्याही सॉफ्टवेअरला काही काढता येत नाही. सावलीतला तपशील मात्र सेन्सर आश्चर्य वाटावे इतका राखतो. म्हणून फिल्मवर शिकलेला माणूस सावलीकडे पाहून एक्स्पोजर ठरवतो आणि डिजिटलवर शिकलेला उजेडाकडे पाहून. उतारवयात माध्यम बदलणाऱ्याला हीच सवय सर्वांत आधी मोडावी लागते. या भेदापलीकडचा दर्जाचा वाद, म्हणजे कोणते चित्र अधिक रेखीव किंवा अधिक खरे, हा वाद आता संपलेला आहे आणि तो उकरून काढण्यात काही हशील नाही.

तरुणांच्या बाजूने फिल्मचे जे समर्थन केले जाते ते दर्जाचे नसून शिस्तीचे आहे: छत्तीसच चित्रे आहेत म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो आणि चित्र लगेच दिसत नाही म्हणून त्याचे लक्ष समोरच्या दृश्यावर राहते. यात तथ्य आहे, परंतु ते मानले जाते तेवढे नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांच्यामागे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. फिल्मची मर्यादा त्यांचा हात अडवू शकली नाही, आणि चित्र न पाहता पुढे जाण्याची मुभा तर त्यांना फिल्मनेच दिली होती. संयम माध्यमातून आपोआप येत नाही. शिवाय आजच्या तरुणाची फिल्म बहुधा शटर दाबण्यापुरतीच फिल्म असते. रोल लॅबकडे जातो, तिथून स्कॅन केलेल्या फायली फोनवर येतात, त्यांतल्या बऱ्या दिसणाऱ्या चार-पाच पुढे पाठवल्या जातात आणि निगेटिव्ह पुष्कळदा लॅबमधून परत आणलीच जात नाही. सुरुवात रासायनिक, पण त्यापुढचा सारा प्रवास डिजिटल, अशा या मिश्र व्यवहाराला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याला फिल्मची साधना म्हणणे हे अतिशयोक्त आहे.

जुन्या पद्धतीत शिक्षण कुठे होत होते, हे पाहायचे तर काँटॅक्ट शीटकडे जावे लागते. धुतलेला छत्तीसचा रोल सहा-सहा चित्रांच्या सहा पट्ट्यांत कापायचा, त्या पट्ट्या आठ बाय दहा इंचांच्या कागदावर शेजारीशेजारी मांडून वर काच दाबायची, काही सेकंद उजेड द्यायचा आणि तो कागद धुतला की टपाल तिकिटाहून थोडी मोठी छत्तीस चित्रे घेतली त्याच क्रमाने समोर येतात. भिंग लावून ती पाहताना माणसाला केवळ एक चांगले चित्र सापडत नाही. आपण दृश्याजवळ कसे गेलो, कुठे घाई केली, नेमक्या क्षणाच्या आधी दोन चित्रे घेऊन मग कसे गाफील राहिलो, हे सारे एका कागदावर वाचता येते. लाल पेन्सिलीने एका चौकटीभोवती रेघ ओढणे हा निर्णय असतो आणि बाकी पस्तीस चित्रे त्या निर्णयाची साक्ष म्हणून मागे राहतात. डिजिटल कॅमेऱ्यात फसलेले चित्र तिथल्या तिथे पुसता येते, म्हणजे ही साक्षच नाहीशी होते. फिल्म मागे पडण्याने कलेचे जे नुकसान झाले ते चांदीच्या कणांचे नाही, या वाचनाचे आहे, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

मध्यम वयाची निवड बहुतांशी शरीर आणि घर ठरवते, त्यात तत्त्वाचा भाग थोडा. चाळिशी लागली की जवळचे पाहण्यासाठी डोळ्याच्या भिंगाला हवी ती लवचीकता कमी होते आणि हाताने फोकस करण्याच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या बारीक खुणा व लेन्सवरचे आकडे त्रास देऊ लागतात. पन्नास मिलिमीटरची लेन्स हातात धरून साठांश सेकंदाच्या खाली सहसा जाऊ नये, हा जुना नियम निरोगी हाताला गृहीत धरतो; सेन्सरच हलवून हाताचा कंप भरून काढणारे आजचे डिजिटल कॅमेरे थरथरत्या हातालाही त्याच्या बऱ्याच खाली उतरू देतात. घरातल्या डार्करूमची अडचण आपल्याकडे आणखी वेगळी. कृष्णधवल फिल्म धुण्याचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानलेले आहे आणि मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात नळाला येणारे पाणी त्याच्या कितीतरी वर असते, तेव्हा बर्फाच्या पाण्यात बाटल्या बुडवून ठेवण्याचा खटाटोप दोन खोल्यांच्या घरात, तोही नोकरी सांभाळून, फार दिवस चालत नाही. डेव्हलपरमधल्या मेटॉल या द्रव्याची कातडीला होणारी अ‍ॅलर्जी तर वर्षानुवर्षांच्या हाताळणीनंतरही उद्भवते, म्हणजे इथेही वय आडवे येतेच.

ज्येष्ठांनी माध्यम बदलले ते कसे, हा या आढाव्यातला सर्वांत उद्बोधक भाग आहे. रघु राय यांनी २००३ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, एका नियतकालिकासाठी मुंबईचे चित्रण करताना निकॉन डी-१०० हा डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्यानंतर ते फिल्मकडे परतले नाहीत. सेबास्तियाव सालगादो यांचा ‘जेनेसिस’ हा पृथ्वीच्या अस्पर्श प्रदेशांचा प्रकल्प २००४ मध्ये फिल्मवर सुरू झाला. परंतु विमानतळांवरच्या क्ष-किरण तपासणीतून शेकडो रोल पुन्हापुन्हा नेण्याला कंटाळून २००८ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, ते डिजिटलकडे वळले. महत्त्वाचे ते पुढे आहे. डिजिटल फायलींच्याही त्यांनी काँटॅक्ट शीट काढून घेतल्या, पडद्याऐवजी कागदावर भिंग लावून निवड केली आणि निवडलेल्या फायलींवरून पुन्हा निगेटिव्ह करून घेऊन चांदीच्या कागदावर प्रिंट काढवल्या. कॅमेरा बदलला, पण कामाची रीत मोडली नाही. जपानचे दाइदो मोरियामा यांनी सत्तरीत छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर टोकियोची रंगीत चित्रे घेतली तेव्हा त्यांनी अशी कोणतीही जुनी रीत जपण्याचा आव आणला नाही, आणि खरबरीत कृष्णधवल चित्रांवर ज्यांची कीर्ती उभी होती त्यांच्याकडून हे घडले, याला धाडस म्हटले पाहिजे. मुंबईच्या केतकी शेठ यांचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. अनेक दशके त्यांनी कृष्णधवल फिल्मवर काम केले आणि मग साठीच्या सुमारास रंगीत व डिजिटल माध्यम घेतले ते ‘फोटो स्टुडिओ’ या मालिकेसाठी, म्हणजे रंगवलेले पडदे, खोटी झाडे आणि जुने दिवे बाळगून असलेल्या देशभरच्या मावळत्या स्टुडिओंच्या चित्रणासाठी. फिल्मच्या युगाचा हा अवशेष डिजिटलवर आणि रंगांत टिपला गेला म्हणूनच त्या पडद्यांचा भडकपणा जसाच्या तसा उरला. कृष्णधवलात तो सहज हळवा झाला असता.

या चौघांकडे पाहता एक विसंगती उघड होते: डिजिटल कॅमेरा घेतलेले सालगादो फिल्मच्या परंपरेच्या जितके जवळ राहिले, तितका हातात फिल्म कॅमेरा असलेला आजचा सरासरी तरुण नाही. ही विसंगती जतनाच्या प्रश्नात अधिकच बोचते. निगेटिव्हचा खरा लाभ उतारवयात मिळतो. दयानिता सिंग यांनी ‘लेट्स सी’ हे पुस्तक आपल्या तरुणपणच्या काँटॅक्ट शीटमधून उभे केले; शिकागोच्या व्हिव्हियन मायर यांचे नाव तर त्यांच्या निगेटिव्ह २००७ मध्ये लिलावात निघाल्यामुळेच जगाला कळले. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशी चढते हे खरे, पण कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती रोखता येते. उलट बंद पडलेली हार्ड डिस्क बहुधा काहीच परत देत नाही. ज्या वयात हा ठेवा साठवायचा त्याच वयात निगेटिव्ह लॅबमध्ये सोडून येणारा तरुण फिल्मसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून तिचा सर्वांत मोठा फायदा गमावतो, आणि ज्येष्ठ मात्र हजारो फायली नाव, तारीख न घालता डिस्कवर टाकून तीच चूक दुसऱ्या टोकाने करतो.

तेव्हा वय पाहून माध्यम सुचवायचेच असेल, तर अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वर्षभर कृष्णधवल फिल्म वापरावी, पण स्वतः धुऊन आणि काँटॅक्ट शीट काढून. तेवढी तयारी नसेल तर डिजिटलच बरे. साठीच्या माणसाने डिजिटल निःसंकोच घ्यावे, मात्र महिन्याकाठी निवडक चित्रांच्या प्रिंट काढाव्यात. कला महाविद्यालयांनी आणि कॅमेरा क्लबांनी आपल्या प्रदर्शनांत व स्पर्धांत ‘फिल्मवर घेतलेले’ हा शेरा गुण म्हणून मोजणे थांबवावे आणि त्याऐवजी प्रत्येक प्रवेशिकेसोबत, कॅमेरा कोणताही असो, त्या चित्राच्या आगेमागची पाच-पाच चित्रे मागवावीत.