सायबर-चांदमारी आणि भाषेचा प्रश्न

संगणकीय हल्ल्यांना तोंड देण्याचे शिक्षण ज्या कृत्रिम पर्यावरणात दिले जाते त्यास 'सायबर रेंज' म्हणतात. 'चांदमारी' हा लष्करी छावण्यांतून रूढ झालेला शब्द मराठीत असता 'आभासी प्रशिक्षण परिसर' अशी बोजड योजना का करावी, हे कळत नाही. मात्र ह्या रूपकात एक दोषही आहे. चांदमारीतील लक्ष्य बोलत नाही. ह्या पर्यावरणांचे रचनाकारही माणूस बोलतो ही गोष्ट बहुधा विसरतात.

यंत्रांची नक्कल ते उत्तम करतात, हे मान्य केले पाहिजे. टालिन येथे २०१० पासून भरणाऱ्या 'लॉक्ड शील्ड्स' ह्या सरावात बेरिलिया नावाचे एक काल्पनिक राष्ट्रच उभे केले जाते, आणि त्याच्या यंत्रणेचे रक्षण करण्याचे काम शिकाऊ संघांवर सोपविले जाते. परंतु नक्कल ही केवळ रक्षकांची मिरास नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात चोरांनी बँकेच्या 'स्विच'च्या जागी स्वतःचा बनावट स्विच उत्तरे देण्यास बसविला. पैसे काढण्याच्या मागण्या खऱ्या यंत्रणेपर्यंत न पोहोचताच मंजूर होत गेल्या. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतील एटीएममधून रोकड काढली गेली. तेथे बनावट उत्तर यंत्राने यंत्रास दिले. माणसास दिल्या जाणाऱ्या बनावट उत्तराचा विचार सरावात क्वचितच होतो.

सरावातील फसवे पत्र पुष्कळदा इंग्रजीतून शब्दशः उतरविलेले असते. 'प्रिय ग्राहक, आपले खाते निलंबित केले गेले आहे' हे वाक्य शिकाऊ कारकून ओळखतो. पण ते त्याच्या अवघडलेल्या कर्मणी रचनेवरून. परीक्षा सावधपणाची न होता व्याकरणाची होते. उद्या चोराने नीट मराठी लिहिली की हे शिक्षण निरुपयोगी ठरेल.

मालवण तालुक्यातील मसुऱ्याच्या एखाद्या पतपेढीतील कारकुनासाठी असा सराव रचावयाचा आहे, असे समजू. तेथे व्यवहाराची लेखी भाषा प्रमाण मराठी, तर विश्वासाची भाषा मालवणी. 'माका', 'तुका' ही रूपे कानी पडताच बोलणारा घरचा ठरतो. शिवाय मसुऱ्याच्या आंगणेवाडीतील भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून नव्हे, तर देवीच्या कौलाने ठरते. मुंबईचे चाकरमानी तिची वाट पाहत असतात. ती कळताच जादा गाड्यांच्या आरक्षणासाठी झुंबड उडते. ह्या दिवसांत 'तारीख ठरली, गाडीचे आरक्षण येथे करा' असा निरोप आला, तर तो उघडून पाहण्याचा मोह कोणास आवरेल? ही तारीख पंचांग उघडून पडताळता येत नाही. ही माहिती यंत्रांच्या कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. ती गावात बसूनच मिळवावी लागते.

तथापि येथेच वास्तवतेस मर्यादा घालावी लागते. सरावासाठी खोटी तारीख पाठविली आणि ती जाळ्याबाहेर पसरली, तर घरोघर खोटी वार्ता जाईल. बंदिस्त जाळ्यात राहिली, तरी एकदा फसलेला कारकून पुढील वर्षी खऱ्या निरोपावरही शंका घेईल. बेरिलियाच्या रचनाकारांचा मार्ग येथे उपयोगी आहे : वाडी काल्पनिक, देवस्थान काल्पनिक, पण कौलाची रीत आणि मालवणी मात्र अस्सल. ह्यात मोहाची धार थोडी बोथट होईल, हे खरे. तेवढे नुकसान रचनाकाराने पत्करावे. ते गावावर टाकू नये.