पडणारा माणूस कोणत्या प्रकरणात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ‘स्टेप सेफली’ हा अहवाल प्रसिद्ध केला. विषय माणसांच्या पडण्याचा. पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात आणि मृत्यूचे प्रमाण साठीपुढच्या वयात सर्वाधिक असते. ‘वय झाले, पडायचेच’ म्हणून आपण जे सोडून देतो ते टाळता येते, हे ठामपणे सांगणे हा या अहवालाचा मोठा गुण.

त्यामागचा पुरावाही भक्कम आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. व्यायामामुळे घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडणे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. घरातले धोके दूर करण्याचा लाभ मात्र, २०२३ च्या आढाव्यानुसार, मुख्यतः मुळात जास्त धोका असलेल्यांनाच होतो. त्यांच्यात घट ३८ टक्के आहे. म्हणजे सरसकट सर्व न्हाणीघरांत आधाराचे दांडे बसवण्याआधी, एकदा पडून गेलेल्यांची घरे गाठावीत.

उणीव आहे ती मांडणीत. अहवालात मुले, कामगार आणि वृद्ध असे तीन गट स्वतंत्रपणे येतात. पेण तालुक्यातल्या हमरापूरला ही विभागणी लावून पाहा. हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. कारखाना पुष्कळदा घरालाच लागून असतो आणि साठी उलटली म्हणून हातातले काम सुटत नाही. असा कारागीर पडला, तर तो कोणत्या प्रकरणात मोडतो? ‘वृद्ध’ प्रकरण त्याला व्यायाम सांगेल, ‘कामगार’ प्रकरण सुरक्षिततेचे नियम. त्याचे पडणे या दोहोंच्या मधल्या जागेत घडते.

कसे ते पाहू. गणपती भाद्रपदात, म्हणून कामाची घाई ऐन पावसाळ्यात. ओली शाडू माती पायाखाली वंगणासारखे काम करते. प्लास्टरची कोरडी भुकटीही पाय सरकवते. बराच वेळ मांडी घालून बसल्याने पाय बधिर होतात आणि जमीन नीट जाणवत नाही. एकदम उठताच रक्तदाब क्षणभर उतरतो. उतारवयात तो सावरायला वेळ लागतो. त्यात हातात मूर्ती असेल, तर गुरुत्वमध्य पुढे सरकतो, उंबरठा दिसत नाही आणि आधार धरायला हात मोकळा नसतो. यांतले प्रत्येक कारण एकेकटे किरकोळ आहे; एकत्र आली की माणूस आडवा होतो.

‘आमची माणसे जमिनीवर उठतात-बसतात, त्यांचे पाय बळकटच’ असे कोणी म्हणेल. ते शक्य आहे, पण गृहीत धरता येणार नाही. बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांत झाल्या आहेत; खुर्चीवरच्या माणसांचे निष्कर्ष मांडी घालणाऱ्यांना जसेच्या तसे लावणे जितके चुकीचे, तितकेच हेही.

इथे शाळेला काम आहे. हाड मोडले नाही तर पडणे कोणी मोजत नाही. संघटनेच्या व्याख्येत मात्र नकळत जमिनीवर वा खालच्या पातळीवर येणे म्हणजे पडणे. विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना चारच प्रश्न विचारावेत : वर्षभरात कधी पडलात, कुठे, हातात काय होते, पायाखाली काय होते? नावे न लिहिता उत्तरांचा तक्ता करावा. अहवालात नसलेले प्रकरण अशा तक्त्यांतूनच लिहिले जाईल.