बालकवींची श्रावणफेरी

मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत झाडांची जाणकार मंडळी लोकांना बरोबर घेऊन फेऱ्या काढतात. १८६२ साली खुली झालेली ही बाग एकच, पण ऋतू बदलला की फेरीची वाट बदलते. उर्वशीला तुरे लोंबायला लागले की सगळे तिच्याखाली थांबतात, पुढे कधी कैलासपतीच्या खोडाशी, कधी गोरखचिंचेच्या बुंध्याशी. आमच्या भुसावळकडे अशी जुनी वनस्पती-बाग नाही. ऋतुफेरी मात्र आहे, आणि तिकडच्या कुठल्याही फेरीपेक्षा जास्त मराठी माणसं ती करून आली आहेत. बालकवींची ‘श्रावणमास’ ही कविता मी तशी वाचतो.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे धरणगावचे, जन्म १८९०चा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तेव्हा या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ म्हणून गौरवणारे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. कीर्तिकर कविता करत, पण त्यांची खरी ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाची. बसू या सहलेखकाबरोबर त्यांनी रचलेला भारतीय औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ ते गेल्यानंतर, १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ५ मे रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. जळगाव-भुसावळच्या मधलं हे स्टेशन आम्हा रुळांच्या गावातल्या लोकांना रोजचं. पानं-फुलं चिरून, नावं लावून ठेवणाऱ्या माणसाने अशा कवीला ओळखावं, जो झाडाजवळ क्षणभरही थांबून माहिती देत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

कारण बालकवींची फेरी झाडांपासून सुरूच होत नाही. कवितेच्या दहा द्विपदी आहेत आणि फुलझाडांची नावं येतात ती थेट आठवीत. त्याआधी काय? आधी पायाखालची हिरवळ, लगेच सर आणि ऊन यांची अदलाबदल. मग मान वर करायला लावून इंद्रधनुष्याचा दुहेरी गोफ. सूर्य मावळला असं वाटत असतानाच पिवळं ऊन झाडांच्या शेंड्यांवर आणि उंच घरांवर येऊन पडतं. इथे हा वाटाड्या किती हुशार आहे ते दिसतं. ऊन त्याने आभाळात दाखवलं नाही, ते जिथे टेकतं ती जागा दाखवली. श्रावणातली संध्याकाळ पाहिलेल्या माणसाला ही जागा लगेच पटते, कारण खाली सावली झालेली असते आणि वरच्या चार फांद्या तेवढ्या पेटलेल्या असतात. त्यानंतर बगळ्यांची रांग येते, आणि तिच्यासोबतच आपली नजर आभाळातून जमिनीवर उतरते. एकाच प्रतिमेने त्याने वरून खाली आणलं; ‘आता इकडे बघा’ असं म्हणावं लागलं नाही. ओले पंख झटकणारी पाखरं, कुरणातल्या हरिणी, गुरं, गुराख्याचा पावा हे सगळं त्या उतारावर आपोआप भेटत जातं.

चालही तशीच. आठ-आठ मात्रांची तीन आवर्तनं आणि शेवटी सहांचं तोकडं, म्हणजे तीन सारखी पावलं आणि चौथ्याला जरा थबकणं. कितीतरी ओळींत पहिल्या दोन आवर्तनांची टोकं एकमेकांशी जुळतात, त्यामुळे चालण्याला झोका येतो. मुलं ही कविता चालीवर म्हणतात आणि पाठ केली हेही त्यांच्या ध्यानात राहत नाही, त्याचं कारण हे.

मग झाडं येतात. सोनचाफा, केवडा, पारिजात. तिन्हींना मिळून जेमतेम दोन ओळी. रंग नाही, पाकळ्या नाहीत, उंची नाही. चाफा फुलला, केवड्याचा वास आला, आणि पारिजात पाहून सत्यभामेचा राग निवळला. प्रत्येकाला एकच क्रिया, आणि तिसऱ्यापाशी तर ती क्रिया झाडाची नाहीच, पाहणाऱ्या बाईची आहे. कृष्णाने झाड लावलं भामेच्या दारात आणि फुलं पडली रुक्मिणीच्या अंगणात, ही गोष्ट ठाऊक असलेल्याला त्या एका ओळीत दोन घरांमधली भिंतही दिसते. बागेतली पाटी हे सांगू शकत नाही.

घड्याळाने मोजायला गेलं तर ही फेरी जमत नाही. सुरुवातीला सांजेचे रंग आहेत, आणि पारिजात तर रात्री उमलून पहाटे गळतो. पत्री खुडायला मुली निघतात ती वेळ सकाळची. कवीने अख्ख्या महिन्याचे प्रहर एका वाटेवर ओवले आहेत. बागेतल्या फेरीला दोन तास मिळतात. याला तीस दिवस हवे होते.

खोट काढायची तर विशेषणांत. हरिणी सुंदर, परडी सुंदर, बालाही सुंदर. केवडा रम्य, फुलंही रम्य. इतकं नेमकं ऊन टिपणाऱ्या कवीने इथे हात सैल सोडला आहे. शेवट मात्र पक्का. देवदर्शनाला निघालेल्या बायकांपाशी तो आपल्याला सोडतो आणि श्रावण आता त्यांच्या चेहऱ्यावर वाचा म्हणतो. खानदेशातल्या वाचकाला तिथे नागपंचमीनंतरच्या रविवारची कानबाईच्या सणाची लगबग आठवल्याशिवाय राहत नाही.

तरी या वाटेवर आमची बाभूळ नाही, निंब नाही, केळीचे मळे नाहीत. बालकवींची झाडं पुराणातून आणि देवघरातून आली. शिवारातली झाडं पाहायची तर दुसरी वाटाडी हवी, आणि ती त्याच परिसरातली आहे: आसोद्याच्या बहिणाबाई. त्यांच्या कविता १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तकात आल्या. लाल फळांनी लगडलेल्या वडावर त्यांना पोपटांचं पीक दिसतं आणि निंबोणीचा कडूपणा पिकता पिकता गोड होतो. पहिली फेरी बालकवींबरोबर करावी, दुसरी बहिणाबाईंबरोबर, आणि तीही श्रावणातच, कारण वैशाखात आमच्याकडे दुपारी बाहेर कोणी पडत नाही.