पदाचा इतिहास आणि यादीतल्या रिकाम्या ओळी



पेटचा निकाल लागला की आमच्या अभ्यासिकेत जो तो विषय शोधत असतो. परवा राज्यशास्त्राची एक ज्युनिअर लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. विषय ठरवून आली होती: ‘महाराष्ट्रातील उपमुख्यमंत्रिपदाचा इतिहास’. म्हणाली, “ताई, डेटा तयार आहे. तू स्टॅटची आहेस ना, फक्त सरासरी कार्यकाळ काढून दे आणि दोन ग्राफ. आरआरसीसमोर दाखवायचंय.”

टेबल नीटनेटकं होतं. क्रमांक, नाव, पक्ष, कधीपासून, कधीपर्यंत, मुख्यमंत्री कोण. पहिली ओळ नाशिकराव तिरपुडे, १९७८. मी खाली खाली वाचत गेले आणि विचारलं, “१९८५ ते १९९५ मध्ये कोण होतं?”

“कोणीच नव्हतं की.”

“मग ती ओळ कुठंय?”

“कोणी नव्हतंच, तर ओळ कशी येईल?”

आजची पोस्ट या उत्तराबद्दल आहे. पदांचा इतिहास म्हणून आपल्याकडं जे काही वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं अशा याद्यांच्या रूपात असतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत याद्या, इंटरनेटवर याद्या, वर्तमानपत्रात शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी चौकटीत यादी. मी राज्यशास्त्राची नाही, हे आधीच सांगते. पण यादी हा शेवटी डेटाच असतो, आणि डेटा कसा गोळा केलाय हे विचारायचा हक्क आम्हा संख्याशास्त्रवाल्यांना आहे.

आधी यादीची बाजू घेते. ‘महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री कोण?’ असा प्रश्न एमपीएससीला आला तर यादी अर्ध्या मिनिटात उत्तर देते. तारखा पडताळायला ती लागतेच. यादी वाईट नाही. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा आपण तिलाच इतिहास समजून तिच्यावर गणित करायला लागतो.

असं गणित मी स्वतः केलेलं आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी पावसाच्या नोंदी घेतल्या होत्या. ज्या दिवशी पाऊस नाही, त्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ते कोरे रकाने ‘डेटा नाही’ समजून उडवले आणि उरलेल्या दिवसांची सरासरी काढली. आकडा असा झकास आला की सर हसायलाच लागले. म्हणाले, “सोलापुरात असा पाऊस पडत असता तर उजनीच्या पाण्याची वाट कशाला बघत बसलो असतो?” कोरा रकाना म्हणजे शून्य होतं, आणि सोलापूरच्या पावसाची खरी गोष्ट त्या शून्यांमध्ये होती.

पदाच्या यादीतही तेच होतं. माझ्या ध्यानात ते नीट आलं केनियाच्या पंतप्रधानांची यादी बघताना. या यादीत फक्त दोन नावं आहेत. पहिलं जोमो केन्याटा, १९६३ ते १९६४. दुसरं रायला ओडिंगा, २००८ ते २०१३. यादी सांगते की ओडिंगा हे केनियाचे दुसरे पंतप्रधान. तारखांच्या दृष्टीनं बरोबर. पण दोन ओळींच्या मधे चव्वेचाळीस वर्षं आहेत, आणि त्या वर्षांना ओळ नाही.

त्या मधल्या जागेत काय घडलं? १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला तेव्हा राष्ट्रप्रमुख ब्रिटनची राणी होती आणि सरकार चालवायचे पंतप्रधान. बरोबर एक वर्षानं देश प्रजासत्ताक झाला, केन्याटा राष्ट्राध्यक्ष झाले आणि पंतप्रधानपद उरलंच नाही. सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडं गेली. मग डिसेंबर २००७ च्या निवडणुकीच्या निकालावरून हिंसाचार उसळला, हजाराहून जास्त माणसं मेली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीनं २८ फेब्रुवारी २००८ ला म्वाई किबाकी आणि ओडिंगा यांच्यात समझोता झाला. किबाकी राष्ट्राध्यक्षच राहिले आणि ओडिंगांसाठी पंतप्रधानपद नव्यानं तयार केलं गेलं. त्यासाठी कायदा केला, राज्यघटनेत दुरुस्ती केली. काम काय, तर सरकारच्या कारभाराचा समन्वय आणि देखरेख. २०१० च्या नव्या राज्यघटनेत हे पद ठेवलं नाही, आणि २०१३ च्या निवडणुकीनंतर ते संपलं.

म्हणजे केन्याटांचं पद आणि ओडिंगांचं पद यांचं नाव एक, पण वस्तू दोन. पहिला सरकारचा प्रमुख. दुसरा रक्तपात थांबवायला केलेल्या वाटणीतला भागीदार. यादीनं त्यांना १ आणि २ असे नंबर दिले की आपल्याला वाटतं एकाच खुर्चीवर एकामागून एक बसले.

आता ज्युनिअरच्या टेबलाकडं या. हीच नजर लावून मी तिला म्हटलं, रिकाम्या ओळी भर. आम्ही दोघींनी बसून भरल्या. १ मे १९६० ला राज्य झालं. मार्च १९७८ पर्यंत जवळपास अठरा वर्षं उपमुख्यमंत्रीच नाही. १९८० ते १९८३ नाही. १९८५ ते १९९५ नाही. सप्टेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१९ नाही. डिसेंबर २०२४ पर्यंतची साडेचौसष्ट वर्षं धरली, तर त्यातली जवळपास ३६ वर्षं हे पद रिकामं होतं. रिकामंसुद्धा म्हणता येत नाही, ते नव्हतंच. निम्म्याहून जास्त इतिहास टेबलाच्या बाहेर होता.

या ओळी आल्या आणि पहिल्यांदा खरा प्रश्न दिसला: हे पद कधी निर्माण होतं?

ज्युनिअरचं उत्तर तयार होतं. “सोपंय ताई. आघाडी सरकार आलं की छोट्या पक्षाला उपमुख्यमंत्रिपद देतात.” आपण सगळे असंच समजतो. १९७८ ला ते बसतंही. जनता पक्षाच्या ९९ जागा आल्या, काँग्रेसच्या ६९, इंदिरा काँग्रेसच्या ६२. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे उपमुख्यमंत्री. १९९५ लाही बसतं. शिवसेना ७३, भाजप ६५. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. १९९९ ला काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. विलासराव देशमुख आणि छगन भुजबळ.

पण आता न बसणाऱ्या गोष्टी बघा. १९८३ ला वसंतदादांच्या सरकारात रामराव आदिक उपमुख्यमंत्री झाले. तिथं आघाडी नव्हती, दोघं एकाच पक्षाचे. २००४ ला राष्ट्रवादीच्या ७१ जागा आल्या आणि काँग्रेसच्या ६९. तरी मुख्यमंत्री काँग्रेसचे विलासराव आणि उपमुख्यमंत्री राष्ट्रवादीचे आर. आर. पाटील. म्हणजे मोठ्या पक्षानं धाकटी खुर्ची घेतली. २०२२ ला तर २०१९ मध्ये १०५ जागा जिंकलेल्या भाजपचे देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि मुख्यमंत्री एकनाथ शिंदे. आणि सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण जुन्या टेबलात नव्हतंच: डिसेंबर २०१४ मध्ये शिवसेना भाजपच्या सरकारात सामील झाली, आघाडी पाच वर्षं चालली, पण उपमुख्यमंत्री कोणी झालं नाही.

शेवटचं उदाहरण नीट लक्षात घ्या. ‘आघाडी असली की उपमुख्यमंत्री असतो’ हे विधान खोटं ठरवणारा पुरावा फक्त रिकाम्या ओळीत आहे. उपमुख्यमंत्र्यांची यादी कितीही वेळा वाचा, तिथं तो सापडणार नाही. ज्या सरकारांत पद होतं तेवढीच सरकारं आपण गोळा केली आणि मग विचारलं की पद का असतं. कारखान्यातून पास होऊन आलेल्या चादरी तेवढ्या मोजायच्या आणि म्हणायचं, आमच्याकडं खराब माल निघतच नाही, असा हा प्रकार. संशोधनपद्धतीच्या पेपरात याला ‘निकाल बघून नमुना निवडणं’ म्हणतात. पेटला या चुकीवर प्रश्न येऊ शकतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती आपल्याच सिनॉप्सिसमध्ये दिसत नाही.

दुसरी टीका सरासरीवर. तिच्या टेबलात अजित पवारांची २३ ते २६ नोव्हेंबर २०१९ ही ओळ होती, चार दिवसांचीसुद्धा नाही. त्याच रकान्यात मुंडेंची साडेचार वर्षं. शिवाय अजित पवारांनी डिसेंबर २०२४ पर्यंत सहा वेळा या पदाची शपथ घेतली, भुजबळांनीही एकापेक्षा जास्त वेळा. मग एक ओळ म्हणजे माणूस, शपथ की सरकार? माणसं मोजली तर तोपर्यंत दहा होतात, शपथा मोजल्या तर कितीतरी जास्त. भागाकार कशानं करणार हे ठरवल्याशिवाय ‘सरासरी कार्यकाळ’ या शब्दाला अर्थ नाही. जुलै २०२३ पासून तर एका वेळी दोन उपमुख्यमंत्री होते. एकच महिना दोघांच्या खात्यात.

तिसरी टीका ‘पद’ या शब्दावरच. राज्यघटनेच्या १६३ आणि १६४ या अनुच्छेदांत मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत, उपमुख्यमंत्री हा शब्द नाही. देवीलाल यांनी १९८९ मध्ये उपपंतप्रधान म्हणून शपथ घेतली, त्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ते नाव केवळ वर्णनापुरतं मानलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपमुख्यमंत्रिपदाविरुद्धची याचिकाही त्याच न्यायालयानं फेटाळली. सांगितलं असं की उपमुख्यमंत्री हा आधी मंत्रीच असतो, त्यामुळं घटनेचा भंग होत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेनं ज्याला स्वतंत्र अस्तित्व नाही, त्याचा आपण इतिहास लिहायला बसलोय. लिहू नये असं नाही. पण मग सत्ता शोधायची कुठं, हे सांगावं लागेल. मुंडे, भुजबळ, आर. आर. यांच्याकडं गृहखातं होतं, अजित पवारांकडं वर्षानुवर्षं अर्थखातं. वजन नावाचं किती आणि खात्याचं किती? यादीत खात्याचा रकानाच नव्हता.

इथं केनिया पुन्हा उपयोगी पडतो. तिथं पद घटनेत लिहिलं होतं, पाच वर्षांत संपलं. आपल्याकडं कुठंच लिहिलेलं नाही, आणि ते १९७८ पासून पुन्हा पुन्हा परत येतंय. हे का, हा पीएचडीचा विषय आहे. ‘सरासरी कार्यकाळ’ हा नाही.

आपल्या जिल्ह्याचं उदाहरण घेऊन संपवते, कारण चहाच्या टपरीवर ते अजून निघतं. डिसेंबर २००३ पासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत मुख्यमंत्री सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आणि उपमुख्यमंत्री अकलूजचे विजयसिंह मोहिते-पाटील. दोन्ही खुर्च्या एकाच जिल्ह्यात, असं अभिमानानं सांगतात. यादीतून एवढंच दिसतं. पण १९९९ ते २०१४ या पंधरा वर्षांच्या ओळी सलग वाचल्या, तर भुजबळ, मोहिते-पाटील, आर. आर., पुन्हा भुजबळ, अजित पवार, सगळे राष्ट्रवादीचे. मुख्यमंत्री बदलले, उपमुख्यमंत्री बदलले, खुर्चीचा मालक पक्ष बदलला नाही. ती खुर्ची आधी सोलापूरची नव्हती, आधी एका कराराची होती. जिल्ह्याचा अभिमान ठेवा, पण सिनॉप्सिसमध्ये त्याला कारण म्हणून लिहू नका.

मग करायचं काय? तिला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. उपमुख्यमंत्र्यांची यादी बाजूला ठेवा. १९६० पासूनच्या सगळ्या सरकारांचं टेबल करा. प्रत्येक सरकारापुढं लिहा: आघाडी होती का, मुख्यमंत्र्यांच्या पक्षाच्या जागा किती, भागीदाराच्या किती, उपमुख्यमंत्री होता का, असला तर कुठल्या पक्षाचा आणि खातं कोणतं. ‘नाही’ हे उत्तर कोरं सोडू नका, ‘नाही’ असं लिहा. मग प्रश्न विचारा.

ज्युनिअर थोडी नाराज झाली, कारण आरआरसीला दाखवायचे दोन ग्राफ हातातून गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. टेबल लांब झालं होतं, नावं तेवढीच होती. २०१४ च्या ओळीखाली तिनं पिवळा रंग मारला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘इथं का नाही?’

मी म्हटलं, आता गाइडकडं जा.

तुमच्या विषयात अशी कोणती यादी आहे, जिच्यात ‘नाही’ला ओळच नाही? तुमच्या विभागातल्या एखाद्या जुन्या प्रबंधाचं परिशिष्ट उघडून बघा. पुढच्या पोस्टमध्ये कोरा रकाना, शून्य आणि ‘लागू नाही’ या तिघांतला फरक एक्सेलमध्ये कसा जपायचा ते सांगते.