'वेग' या संज्ञेची संदिग्धता
केळापूर परिसरातील सागवान हौशी कारागिराच्या लहान सी.एन.सी. राउटरवर कोरताना पहिली अडचण उद्भवते ती शब्दाची. कटरचे फिरणे आणि त्याचे लाकडातून पुढे सरकणे या दोन भिन्न क्रियांस मराठीत 'वेग' हाच एक शब्द योजिला जातो. दोन धारांचे ३ मिलिमीटर व्यासाचे कटर मिनिटास १८,००० फेरे घेत ९०० मिलिमीटर सरकले, तर प्रत्येक धारेच्या वाट्यास ०.०२५ मिलिमीटर जाडीचा काप येतो. आता 'वेग कमी करा' या सल्ल्याचा अर्थ काय घ्यावा? सरक ३०० वर आणल्यास काप ०.००८ वर उतरतो. धार कापण्याऐवजी घासते आणि लाकूड करपते. सागात सिलिकेचा अंश असल्याने धार तशीही लवकर बोथटते. उलट सरक कायम ठेवून फेरे घटविल्यास काप जाड होतो व बारीक कटर मोडण्याचा संभव वाढतो. एकाच वाक्यातून दोन विरुद्ध परिणाम! 'फीड' हा रूढ शब्द स्वीकारण्यास प्रत्यवाय नसावा; 'सरक' अधिक सुबोध. मात्र सुताराच्या बोलीत ढलपी आणि भुसा हा भेद पूर्वापार असता परिभाषाकाराने त्याकडे पाहू नये, हा निव्वळ आळस होय. कटरखालून भुसाच पडू लागला, की सरक मंद झाल्याचे सुतारास आकडेमोडीवाचून कळते.